आज पाचशे की दिवाळीला हजार? पोराची सबुरी मोजायला गेलो त्याची गोष्ट

दगडी_पाटी · शनिवार, रात्री १०.४२

मे महिन्यात अवकाळीनं झोडपून काढलं आणि आता मृग लागला तर ढग नुसते तोंड दाखवून चाललेत. शाळा सोमवारी उघडणार. रिकामा मास्तर घरच्यांचा जीव खातो म्हणतात, तसा मी दोन दिवस पोरांच्या मागं लागलोय.

मी अंबाजोगाईकडच्या एका शाळेत गणित शिकवतो. थोरली सतरा वर्षांची, लातूरला अकरावी करून बारावीत गेली, चार दिवसांसाठी घरी आलीय. धाकटा तेरा वर्षांचा, आठवीत. थोडी शेती आहे, सोयाबीन आणि तूर.

परवा रात्री जेवताना धाकट्याला सहज विचारलं, "काय रे, आज पाचशे घेतो का दिवाळीला हजार?" पोरानं तोंडातला घास गिळायच्या आधी डावा हात पुढं केला. थोरली हसली आणि म्हणाली, "मी दिवाळीला."

मग डोकं फिरलं. दोघांना वेगवेगळं बसवलं आणि वही काढली. दिवाळीचे हजार तसेच ठेवायचे आणि आजची रक्कम उतरवत न्यायची: नऊशे, आठशे, सहाशे, पाचशे, चारशे, तीनशे. एक आकडा असा येतो की पोरगं म्हणतं, "कायबी द्या, सारखंच." तो आकडा म्हणजे त्याच्या मनात दिवाळीच्या हजाराची आजची किंमत. पोरीचा आला आठशे. पोराचा चारशे.

यासाठी एक साधं सूत्र वापरतात: आजची किंमत = रक्कम ÷ (१ + क × महिने). क जेवढा मोठा तेवढी घाई जास्त. दिवाळी चार महिन्यांवर धरली तर पोरीचा क येतो ०.०६ आणि पोराचा ०.३७. सहापट! एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली लेकरं.

सूत्रातली गंमत अशी की ते बँकेच्या चक्रवाढीसारखं चालत नाही. बँकेत दर महिन्याला सारख्याच टक्क्यानं फरक पडतो. मनात मात्र पहिल्या महिन्यातच किंमत धाडकन पडते आणि पुढं हळूहळू घसरते. तेही करून पाहिलं. आज ५०० की महिन्यानं ६००? धाकटा म्हणे, आज. बरं, एक वर्षानं ५०० की तेरा महिन्यांनी ६००? "सहाशे. वरीसभर थांबलोच तर आजून एका महिन्यानं काय मरतो का?" महिना तोच, वरचे शंभर तेच, उत्तर उलटं.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. स्टीलच्या डब्यात दहा चिठ्ठ्या, पाचांवर हजार लिहिलेले, पाच कोऱ्या. चिठ्ठी काढायची का रोख घ्यायचे? हिशोबानं चिठ्ठीची किंमत पाचशे. धाकटा चारशे रोख मिळाले तर चिठ्ठी सोडायला तयार. थोरली साडेतीनशेलाच तयार झाली. म्हणजे जी थांबायला राजी ती नशिबावर सोडायला राजी नाही. मला वाटलं होतं घाईखोर माणूस दोन्हीकडं घाईखोरच असणार.

तर जाणकारांना प्रश्न: हे वयानं सुटणारं आहे का? का आमच्या धाकट्याचा स्वभावच असा? आमच्या घरची म्हणती, मोबाईल फोडा, आपोआप सबुरी येईल.

---

तूरडाळ_नांदेड · शनिवार, रात्री ११.०५

मास्तर, सगळं वाचलं. एकच सांगा. पोरानं हात पुढं केला होता. पाचशे दिले का?

---

दगडी_पाटी · शनिवार, रात्री ११.०९

नाही हो, तो नुसता प्रयोग होता.

---

तूरडाळ_नांदेड · शनिवार, रात्री ११.१०

झालं मग. 😄

---

स्पष्टवक्ता · रविवार, सकाळी ७.२०

आजकाल प्रत्येक गोष्टीला शास्त्र लावायची फॅशन आली आहे. आम्ही ७२ च्या दुष्काळात वाढलो. सुकडी खाऊन शाळेत गेलो. आईबाप रोजगार हमीवर खडी फोडायचे. तेव्हा कुणी आम्हाला "आज की दिवाळीला" असं विचारलं नाही, दिवाळीला मिळेल ते मिळेल. आत्ताच्या पोरांना बोट लावलं की व्हिडिओ, बोट लावलं की पिझ्झा. सबुरी कुठून येणार? दोष पालकांचा. वहिनींचं बरोबर आहे, मोबाईल फोडा.

---

निमित्तमात्र · रविवार, सकाळी ९.४८

धागा आवडला. मी संभाजीनगरला शाळकरी मुलांचं समुपदेशन करते, त्यामुळे हात शिवशिवले. जरा लांबेल.

सर, तुम्ही घरात जे केलंत ते जवळपास तसंच प्रयोगशाळेत करतात. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, १० ते ३० वयाचे ९३५ जण. तिथेही "आज थोडे की नंतर जास्त" असाच प्रश्न होता आणि रक्कमही कागदावरचीच होती, कुणाला हातात दिली नव्हती (तूरडाळ, तेव्हा सरांना एवढं धारेवर धरू नका). तेरा आणि त्याखालची मुलं थोड्या पण लगेचच्या पैशाकडे झुकलेली निघाली. सोळाच्या पुढची थांबायला जास्त तयार. तुमची दोघं नेमकी त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे उभी आहेत. म्हणून आधी पोराच्या स्वभावावर शिक्का मारू नका.

आत काय घडतं? मेंदूच्या मध्यभागी स्ट्रायटम नावाचा भाग आहे, बक्षीस दिसलं की तो जागा होतो. कपाळामागचा भाग पुढचं बघतो, तोलतो, थांब म्हणतो. या दोघांना जोडणाऱ्या वाटा वाढत्या वयात पक्क्या होत जातात. २०१५ मध्ये ८ ते २५ वयाच्या मुलांच्या मेंदूची चित्रं घेऊन केलेला एक अभ्यास आला, त्यात ही जोडणी जितकी बळकट तितकी अधीरता कमी दिसली. कपाळामागचं काम पुरं व्हायला विशी उलटून जाते. तेव्हा आठवीतल्या मुलाकडून मुकादमासारख्या हिशोबाची अपेक्षा नको.

आता तुमच्या चिठ्ठ्या. थांबणं आणि नशीब ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हीकडे किंमत घसरण्याचा आलेख सारखाच वाकतो, त्यामुळे बरेच दिवस लोकांना वाटायचं की गोष्ट एकच: उशीर म्हणजेच अनिश्चितता. पण एक फरक सापडला. उशिराच्या प्रश्नात रक्कम मोठी केली की माणूस थांबायला जास्त तयार होतो. नशिबाच्या प्रश्नात रक्कम मोठी केली की तो उलट जास्त सावध होतो. एकाच गाठोड्यातलं असतं तर दोन्ही एका दिशेला गेलं असतं. थोरली थांबते पण चिठ्ठी काढत नाही, यात विसंगती काही नाही.

स्पष्टवक्ता काका, रोजगार हमीचं तुम्हीच लिहिलंत. तिथे आठवड्याला मस्टरवर पगार मिळायचा ना? दिवाळीपर्यंत कुणी थांबलं असतं का?

आणि सर, एक विचारते, रागावू नका. याआधी त्याला "पुढं देतो" म्हणालेलं काही राहून गेलंय का?

---

कोयता_ते_कॉलेज · रविवार, दुपारी १२.३०

निमित्तमात्र ताईंनी मुकादमाचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्याकडं त्याचा हिशोब उलटा चालतो.

मी बीड जिल्ह्यातला, आईबाप ऊसतोड. बाहेरच्यांसाठी सांगतो: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम घरी येतो आणि उचल देतो. पैसे आज, काम दसरा-दिवाळीपासून. म्हणजे मोबदला आधी, कष्ट नंतर. तुमच्या सूत्रात हे कुठं बसवायचं मास्तर? तुम्ही आज सोडून उद्या मिळवायचं शिकवता, आमच्या घरात उद्या विकून आज भागवायचं चालायचं. उचल आली की त्याच दिवशी किराणा दुकानाची बाकी, आजीची औषधं आणि बहिणीच्या लग्नाचं व्याज. रात्रीपर्यंत पैसे संपलेले आणि सहा महिने फडावर बांधलेले. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७४ वरून ३६६ झाला, बरं झालं. पण उचल फिटायच्या आत हंगाम संपला तर उरलेली पुढच्या वर्षावर, हे तसंच.

आता कुणी म्हणेल माझ्या बापाला सबुरी नव्हती. पहाटे तीनला उठून थंडीत मोळ्या बांधणाऱ्या माणसाला सबुरी नव्हती म्हणायचं तर म्हणा.

मी आठवीत असताना शाळेच्या वसतिगृहात राहिलो. तिथं बिस्किटाचा पुडा मिळाला की लगेच खायचो, सगळा. बाजूचा मुलगा (त्याचे वडील ग्रामसेवक) दोन खायचा आणि पुडा पेटीत ठेवायचा. सर त्याचं कौतुक करायचे. खरं असं की त्याच्या पेटीला कुलूप होतं. माझ्या पेटीला नव्हतं.

---

स्पष्टवक्ता · रविवार, दुपारी १.१५

कोयता, तुमच्या आईवडिलांबद्दल आदर आहे. माझा रोख त्यांच्यावर नव्हता. पण गरिबीचं कारण प्रत्येक ठिकाणी पुढं केलं की मुलं तेच शिकतात. ते गोड गोळीचं प्रसिद्ध संशोधन आहेच की, आत्ता एक गोळी खा नाहीतर थांबलास तर दोन; लहानपणी जी मुलं गोळी न खाता थांबली ती पुढं आयुष्यात यशस्वी झाली. तिथं गरिबी कुठं आली?

(निमित्तमात्र, मस्टरचा मुद्दा मान्य. आई दर आठवड्याला पैसे मोजून घ्यायची आणि वाटेतच मिरच्या घ्यायची.)

---

निमित्तमात्र · रविवार, दुपारी २.०२

काका, तिथं गरिबी नंतर आली. वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो प्रयोग सुरू केला. मुलं बहुतेक विद्यापीठाच्या परिसरातल्या घरांतली. २०१८ मध्ये वेगवेगळ्या घरांतल्या नऊशेहून जास्त मुलांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. थांबणं आणि पुढचे गुण यांचं नातं पहिल्याच्या निम्म्यावर आलं आणि घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्यातलंही बरंचसं विरघळलं.

पण मला त्याहून आवडतो तो अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा प्रयोग. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी एक मोठं माणूस मुलाला म्हणतं, थांब, तुला चांगले रंग आणून देते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना सांगितलं, सॉरी, नाहीत, आहे तेच वापर. मग तोच गोळीचा खेळ. ज्यांना रंग मिळाले ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नाहीत ती तीन मिनिटं.

सबुरी तीच, वय तेच. फक्त समोरच्या माणसाचा अनुभव वेगळा. कोयतादादांची कुलूप नसलेली पेटी ती हीच.

दगडी_पाटी सर कुठे गेले?

---

आंबेबहार · रविवार, दुपारी ४.४०

नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यातून लिहितोय. मोसंबीवाला आहे म्हणून थांबण्याबद्दल थोडं आपल्यालाबी कळतं.

मोसंबीचं रोप लावलं की चार-पाच वर्षं नुसतं पाणी घालायचं. मग फळ. त्यात आंबेबहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो, पानं पिवळी पडेस्तोवर. जास्त ताण झाला तर झाड जातं, कमी झाला तर फूल येत नाही. म्हातारा म्हणायचा, हे काम शहाण्याचं नाही, धीराच्या माणसाचं आहे.

२०१२-१३ ला आमची चारशे झाडं ऐन भरात होती. टँकर लावले, दागिने मोडले, झाडाच्या बुडाला मडकी पुरली. उन्हाळ्याच्या शेवटी झाडं तोडून सरपणाला दिली. मी तेव्हा पंधरा-सोळाचा. म्हातारा बांधावर बसून होता आणि करवतीचा आवाज चालू होता, एवढं ध्यानात आहे.

पुढं मी कॉलेज सोडून गाडीवर ड्रायव्हर झालो. रोजचा पैसा रोज हातात. घरचे म्हणायचे, पोरगं वाया गेलं, याला दम नाही. दम होता बाप्पा. पाण्यावर इस्वास नव्हता.

(आता परत दोनशे झाडं लावलीत. शेततळं केलंय. का लावली विचारू नका, मलाबी सांगता येत नाही.)

---

पोळीभाजी_लातूर · रविवार, रात्री ९.५५

सगळी भांडी उरकून बसले. दादा, तुमची पोरगी लातूरला असती म्हणलात म्हणून लिहिते. माझी ट्यूशन एरियात मेस आहे, चौदा वर्षं झाली. चाळीसएक पोरंपोरी जेवतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सुद्धा मेस बंद नव्हती, पत्रावळीवर वाढलं.

मी काही शिकलेली नाही पण पोरं वाचता येतात. अकरावीची नवी पोरं जूनमध्ये येतात, पहिल्या महिन्याचा खर्च पंधरा तारखेला संपलेला असतो. पाणीपुरी, रिचार्ज, कुणाच्या वाढदिवसाचा केक. मग "काकू, पुढच्या महिन्यात देतो." बारावीची पोरं तसं करत नाहीत. परीक्षा परत देणारी रिपीटर पोरं तर डब्यातली एक पोळी कमी सांगून तेवढे पैसे कमी करा म्हणतात. दोन वर्षांत तेच पोरगं बदलतं, मी डोळ्यांनी बघते.

पण एक गोष्ट. तीच शहाणी झालेली पोरं रविवारची टेस्ट झाली की संध्याकाळी सहा-सात जण मिळून बसतात ना, तेव्हा एकदम आठवीतली होतात. एकटं असलं की म्हणतं, काकू आज अभ्यास आहे. चौघं आली की, चला रे, उद्याचं उद्या. पैसे पण तेव्हाच उडतात.

काल नीटचा निकाल लागला. देशात बावीस लाखांवर पोरं बसली म्हणतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. काल रात्री माझ्याकडं बारा ताटं तशीच परत आली. आज दुपारी त्यातली तीन पोरं परत आली, काकू, अजून एक वर्षाची मेस लावा. आता सांगा, हे थांबणं म्हणायचं का चिठ्ठी काढणं?

---

तूरडाळ_नांदेड · रविवार, रात्री १०.०३

काकू, शेवटच्या ओळीला +१००. नांदेडलाही तेच दृश्य आहे. धागा वाचनखुणांत.

---

निमित्तमात्र · रविवार, रात्री १०.३१

काकू, तुम्ही रविवार संध्याकाळचं जे लिहिलंत ते मोजलं गेलंय. २०११ च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांपैकी काहींना हेच प्रश्न एकट्यानं आणि काहींना मित्र बघत असताना दिले. मित्र असताना ती लगेचच्या पैशाकडे जास्त झुकली. मित्रांनी एक शब्द सल्ला द्यायची गरज नव्हती. त्याआधी २००५ मध्ये गाडी चालवायच्या खेळावर असाच प्रयोग झाला होता. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका घेत होती, प्रौढांना तेवढा फरक पडत नव्हता.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. आणि दोन्हीचा गुणाकार फार थोडे लोक मांडून बघतात. "वर्षभर थांब" हे सांगतात, "थांबूनही न मिळण्याची शक्यता किती" हे सांगत नाहीत.

---

रिपीटर_क्रमांक_दोन · रविवार, रात्री ११.५०

मी वाचक आहे, पहिल्यांदा लिहितोय. वय १९. काकूंच्या नाही पण तशाच एका मेसचा. हे टोपणनाव उगीच नाही.

आयपीएलच्या वेळी मी मोबाईलवर पैसे लावून क्रिकेटची टीम लावायचो. ४९ रुपयांपासून सुरू केलं. एकदा ४९ चे ११०० झाले. मग दोन महिन्यांत सहा हजारांच्या वर गेले, त्यात मेसचे दोन हजार होते. पप्पांना अजून सांगितलं नाही.

मला गणित येतं. कुणी म्हणालं असतं, डब्यात शंभर चिठ्ठ्या आहेत, एकीवर बक्षीस आहे, ४९ रुपये टाक, तर मी टाकले नसते. पण तिथं कुणी तसं सांगतच नव्हतं. स्क्रीनवर डोळ्यांत भरायचं ते पहिलं बक्षीस. आपली चिठ्ठी लागायची शक्यता किती तेच कळत नव्हतं आणि मग वाटायचं, आपल्याला क्रिकेट कळतं, आपलं जमेल.

शेजारी तिघं बघत असायचे हेही खरं आहे.

---

निमित्तमात्र · सोमवार, सकाळी ८.१०

रिपीटर, लिहिलंस ते फार मोलाचं आहे. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदावर एक अख्खा अभ्यास आहे. २०१२, अ‍ॅग्निएश्का टिमुला आणि सहकारी. १२ ते १७ वर्षांची मुलं आणि ३० ते ५० ची मोठी माणसं यांना तशाच चिठ्ठ्या. टक्केवारी उघड लिहिलेली असली की मुलं मोठ्यांपेक्षाही सावध निघाली. पिशवीवर झाकण घातलं, किती चिठ्ठ्या भरलेल्या ते अर्धवट लपवलं, की चित्र उलटं. मोठी माणसं मागं सरकली, मुलं तेवढी सरकली नाहीत.

म्हणजे किशोरवयीन मुलांना धोका आवडतो असं सरसकट म्हणणं चुकीचं. न कळलेला धोका त्यांना खुपत नाही. निसर्गानं बहुधा कामाची गोष्ट दिली आहे, नाहीतर कुणी घराबाहेर पडून नवीन काही शिकलंच नसतं. पण स्क्रीनवर झाकण घालून ठेवणाऱ्याला हे आपल्याआधी कळलंय.

आणि पप्पांना सांग. या आठवड्यात. लांबवलंस तर आजचा ओरडा दिवाळीपर्यंत स्वस्त होत नाही, या खात्यात उलटं व्याज चढतं. काकूंसारख्या कुणाला तरी सोबत घे.

---

पोळीभाजी_लातूर · सोमवार, सकाळी ८.४५

बाळा, तुझी मेस कुणाचीही असू दे, दोन हजारांसाठी कुणी काकू जेवायला नाही म्हणणार नाही. आधी त्यांना खरं सांग. आणि उपाशी बसू नको.

---

दगडी_पाटी · मंगळवार, रात्री ९.२०

दोन दिवस गप्प होतो. शाळा उघडली हे एक कारण. दुसरं कारण निमित्तमात्र ताईंचा प्रश्न.

राहून गेलंय. सायकल.

सहावीचा निकाल लागला तेव्हा त्याला म्हणालो होतो, दिवाळीला गिअरची सायकल घेऊ. ती दिवाळी आली तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि आडतीत चार हजार-बेचाळीसशेला कुणी हात लावत नव्हतं. माल घरात ठेवला. मला २०२१ चा पावसाळा आठवत होता. तेव्हा लातूरला भाव दहा हजारांच्या घरात गेला होता आणि मी मात्र तो उन्हाळ्यातच विकून बसलो होतो. त्या वर्षीचा धडा म्हणून आता थांबलो. संक्रांत गेली, पाडवा गेला, भाव हलला नाही, पोत्याला टोके लागले, शेवटी पेरणीच्या तोंडावर पडेल त्या भावात दिला. सायकलीचं "पाडव्याला बघू", मग "सातवीच्या निकालाला बघू" झालं. निकाल मे मध्ये लागला. मी विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही, म्हणून मला वाटलं विसरला असेल.

काल रात्री त्याला गच्चीवर घेऊन बसलो आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी दिवाळीचे हजार का नाही घेतले?"

बराच वेळ पायानं गच्चीवरचा खडा घासत बसला. मग म्हणाला, "पप्पा, दिवाळीला सोयाबीन पडलं म्हंजी?"

मी गणिताचा मास्तर. त्याचा क काढून बसलो होतो. ०.३७ म्हणून इथं लिहूनही मोकळा झालो. त्यातला किती क त्याचा आणि किती माझा, हे वेगळं काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

---

आंबेबहार · मंगळवार, रात्री ९.४१

मास्तर, गच्चीवर तुम्ही काय बोललात ते नका लिहू. पण बोललात हे बरं केलं. आमच्या म्हाताऱ्यानं झाडं तोडल्यावर आमच्याशी एक शब्द काढला नाही.

---

स्पष्टवक्ता · मंगळवार, रात्री १०.१५

मी फार लिहिणार नाही. माझ्या थोरल्याला बारावीनंतर गाडी देतो म्हणालो होतो, २००६ साली. तो आता पुण्याला असतो. स्वतःच्या पैशानं घेतली. मी कधी त्याला विचारलं नाही. मोबाईल फोडा म्हणालो ते मागं घेतो, निदान अर्धं.

---

कोयता_ते_कॉलेज · मंगळवार, रात्री १०.५२

मास्तर, आता परत मोजा. आधीच्या मोजणीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या, थांबणं आणि बाप देईल का नाही. दुसरी काढून टाकता येती का बघा. पेटीला कुलूप लावून मोजा.

---

दगडी_पाटी · पुढच्या सोमवारी, रात्री ८.३५

धागा वर काढतोय. परत मोजलं. आणि कुलपाची युक्ती मला जमवावी लागलीच नाही, पोरानंच काढली.

शनिवारी वही घेऊन बसलो तर म्हणाला, "पप्पा, पैसे आज्जीकडं ठेवा. मग सांगतो." आई शेजारीच दाण्याचं कूट करत बसली होती. म्हणाली, आण इकडं. मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या. तिनं त्या पदराच्या गाठीत न बांधता आत नेल्या आणि तिच्या लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, गजानन महाराजांच्या फोटोशेजारी ठेवल्या. पोरगं मागं मागं जाऊन बघून आलं. कुलूप ओढून पाहिलं. किल्ली आज्जीच्या कमरेला.

मग वही. दिवाळीला पेटीतले हजार, की आज माझ्याकडून रोख? नऊशेला आज म्हणाला. आठशेला आज. सातशेला डोकं खाजवलं, आज. साडेसहाशेला "सारखंच." सहाशेला "दिवाळी."

तेव्हा चारशे, आता साडेसहाशे. क ०.३७ वरून ०.१३ वर. एका आठवड्यात पोराचा मेंदू काही तेराचा सोळा झाला नाही. त्याच्या बहिणीच्या आठशेपर्यंत अजून अंतर आहे. ते वयाचं असेल, त्याला वर्षं लागतील, लागू द्या. पण मधले अडीचशे माझे होते.

रविवारी संध्याकाळी सायकलीच्या दुकानात जाऊन भाव काढून आलो. त्याला सांगितलं नाही. आता तोंडानं काही सांगायचंच नाही असं ठरवलंय, बिल झालं की थेट दारात.

आणि आता नवी अडचण. आज सकाळी आई गावच्या दिंडीसोबत पंढरपूरला निघाली. जाताना फाटकाशी हळूच म्हणाली, "पेटीतले दोनशे घेतलेत बरं, वाटखर्चाला. तू भर." किल्ली तिच्याबरोबर गेली. पोरगं दुपारी शाळेतून आल्यावर दोनदा आज्जीच्या खोलीत जाऊन आलं, पेटी हलवून बघितली. अजून काही बोललं नाही.

कुलूपवाला उद्या सकाळी साडेसातला येतो म्हणालाय, पोरगं शिकवणीला गेल्यावर. दोनशेच्या नोटा वेगळ्या काढून ठेवल्यात.

---

तूरडाळ_नांदेड · सोमवार, रात्री ८.३८

मास्तर, तिनं पाचशेच्या दोन नोटांतून दोनशे कसे घेतले? एक नोट मोडली असणार. आत आता एक पाचशेची आणि तीन शंभराच्या असतील. नुसते दोनशे टाकून भागणार नाही. पोरगं नोटा बघून गेलंय.

---

दगडी_पाटी · सोमवार, रात्री ८.४०

अरे देवा. एटीएम बंद व्हायच्या आत जाऊन येतो.